प्रमोशन घेऊ की आई राहू?

पत्र:

ताई, मी ३५ वर्षांची, कल्याणला राहते, सरकारी बँकेत ऑफिसर आहे. मुलगी साडेपाच वर्षांची, यंदा पहिलीत जाईल. नवरा खासगी कंपनीत आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात. स्केल टू मधून थ्री च्या प्रमोशनची प्रोसेस चालू आहे, लेखी झाली, आता इंटरव्ह्यू. झालं तर मराठवाड्यात पोस्टिंग, बहुतेक नांदेड, दोन-तीन वर्षं तरी. मागच्या वेळी मुलगी लहान म्हणून मी फॉर्मच भरला नव्हता. यंदा भरला आणि घरी सांगितलं. कोणी नाही म्हटलं नाही, पण घर गप्प झालंय. नवरा म्हणतो "तू ठरव". सासूबाई 'आई कुठे काय करते' बघताना अरुंधतीसाठी डोळे पुसायच्या, मला म्हणाल्या "पोरीला आईच लागते गं". माझी आई तर फोनवर रडलीच. त्यात शाळेत आईवर कार्यक्रम होता, मुलीने स्टेजवर चार ओळी म्हटल्या, टीचरने लिहून दिलेल्या, त्यात एक ओळ होती "माझी आई माझ्यासाठी सगळं सोडते". मला तिथेच रडू आलं. आणि खरं सांगू का, मला जायचंय. तिला सोडून राहायला आवडेल असं नाही, पण स्वतःची ब्रांच चालवायची आहे मला, बारा वर्षं वाट बघितलीय. असं वाटणारी आई नॉर्मल असते का? — कल्याणची एक आई

उत्तर:

अगं, माझ्या मुलीच्या वयाची आहेस तू, म्हणून अगं-तुगं करतेय, चालेल ना.

आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. हो, नॉर्मल आहे. आणि इंटरव्ह्यूला जा. पुढचं सगळं जे लिहितेय ते तुझं पत्र चारदा वाचल्यावर जे मनात आलं ते आहे, आणि त्यातलं बरंचसं त्या एका ओळीमुळे आलंय. "टीचरने लिहून दिलेल्या." तुझ्या मुलीच्या तोंडी तुझ्याबद्दलची जी ओळ होती ती ना तिची होती ना तुझी, आणि तरी तू समोर बसून रडलीस कारण ती ओळ तुला निकालासारखी ऐकू आली.

माझ्या आईचं सांगते. १९६३ ला मॅट्रिक झाली, मग लग्नाच्या आधी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, मराठी ३० चा स्पीड आणि इंग्लिश ४० चा, दोन्ही पास. मग लग्न झालं, आम्ही चार भावंडं झालो, आणि ती सर्टिफिकेटं रेशन कार्डाच्या डब्यात तळाशी गेली. सकाळी रेडिओवर बातम्या लागायच्या तेव्हा ती भाजी निवडून झाल्यावर दोन मिनिटं टेकायची आणि तिची दहाही बोटं मांडीवर बारीक बारीक हलत असायची. आम्हाला वाटायचं जप करतेय. मी सातवीत 'माझी आई' निबंधात लिहिलं होतं की माझ्या आईच्या बोटांत सतत देवाचं नाव असतं, बाईंनी वर्गात वाचून दाखवला तो. आईने घरी वाचला, काही बोलली नाही, वही परत दिली. ती बहात्तर वर्षांची असताना माझ्या मुलाचा कॉम्प्युटर उघडा होता, ती सहज खुर्चीत बसली, आणि न बघता बोटं बरोबर मधल्या ओळीवर ठेवली, करंगळीपासून करंगळीपर्यंत. मी दारात उभी होते. मला एकदम सगळं कळलं. मी विचारलं, आई, तो जप? ती म्हणाली, "जप कसला, बातम्या टाइप करायचे मी. स्पीड जाऊ नये म्हणून."

तीसेक वर्षं आम्ही चार मुलं त्या बोटांकडे बघत होतो आणि आम्हाला जे हवं होतं तेच दिसत होतं.

आईबद्दल आपण जे काही वाचलं, पाठ केलं, पडद्यावर बघून रडलो, त्यातलं फार मोठं माप हे असं आहे, मुलाच्या जागेवरून बघितलेलं. 'श्यामची आई' घे. मला ते पुस्तक प्रिय आहे, अजून आहे, त्यावर टीका करायची म्हणून नाही सांगत. पण ते कसं लिहिलं गेलं ते बघ. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. गुरुजींनी ते लिहिलं १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात असताना, म्हणजे आईला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर. बेचाळीस रात्री आहेत त्यात, आणि एकेका रात्रीत एक तरुण माणूस नसलेल्या आईला आठवतोय. पायाला माती लागू नये म्हणून आई दगडावर पदर पसरते आणि म्हणते पायाला जपतोस तसं मनालाही जप, तो प्रसंग वाचताना आजही माझा गळा भरून येतो. पण ते शोकातून लिहिलेलं पुस्तक आहे, मुलाने आईला वाहिलेलं. त्या बाईला स्वतःला काय वाटायचं, दुपारी एकटी असताना ती काय विचार करायची, हे त्यात येणार तरी कुठून. आपण मात्र ते घेतलं आणि जिवंत आयांना मोजायची फूटपट्टी करून टाकली. आधी पुस्तक, मग १९५३ चा अत्र्यांचा सिनेमा, देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं, मग शाळेतले धडे, कथाकथन, वक्तृत्व स्पर्धा, आणि आता २०२३ मध्ये पुन्हा नवा सिनेमा. नव्वद वर्षं झाली गं. गेलेल्या आईच्या आठवणीशी कुठली जिवंत आई बरोबरी करणार? जिवंत आई दमते, चिडते, तिला प्रमोशन हवं असतं.

त्याच दशकात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यायला लागली होती, १९३४ पासून. ती आईने स्वतः लिहिलेली. त्यात ती घाबरते, भांडते, चुकते, नवऱ्यावर रागावते, पोराला घेऊन एकटी राहते, खळखळून हसते. मराठीतलं अव्वल पुस्तक आहे हे सगळे मान्य करतात. पण 'आई' म्हटल्यावर शाळेच्या स्टेजवर लक्ष्मीबाई आणलेल्या मी तरी कधी बघितल्या नाहीत.

हिरकणीचं तर मला फारच वाटतं. गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, रायगड, कोजागिरी, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती माउली कडा उतरून गेली. मुलांना सांगताना आपण कडाच सांगतो. पण अगं ती गडावर का गेली होती? दूध विकायला! बाळाला घरी ठेवून कामावर गेलेली बाई होती ती, आणि त्या दिवशी तिला उशीर झाला. म्हणजे घर चालवायला रोज गड चढणारी आई ही गोष्टीत आधीपासून आहे, आपण ते एका वाक्यात उरकतो आणि सगळी शाबासकी तिने जीव धोक्यात घातला त्याला देतो. मला तर नेहमी वाटतं की दरवाजा उघडला असता तर तिला कडा उतरावाच लागला नसता, पण त्या दरवाज्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता एसटी स्टँडवर तिच्या नावाने हिरकणी कक्ष असतात, बाळाला पाजायला आडोसा म्हणून. माझ्या वेळी तेही नव्हतं, मी १९९० मध्ये भर स्टँडवर मुलीला पाजलं तेव्हा एक अनोळखी आजी माझ्यापुढे स्वतःचा पदर धरून उभी राहिली, बाळाचं होईस्तोवर हलली नाही, तिची गाडी लागली होती तरी. परवा परवा माझी मुलगी तिच्या बाळाला घेऊन माझ्याबरोबर होती, दुसऱ्या एका स्टँडवर, तिथे हिरकणी कक्ष होता, दारावर छान चित्र होतं, आणि दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे ते दहा मिनिटं विचारत फिरलो. शेवटी मी पदर धरून उभी राहिले.

बरं, आता तुझ्या सासूबाई आणि अरुंधती. त्यांना खोटं नको ठरवूस, त्या खरंच रडल्या असणार. मी पण ती सिरीयल बघितली, २०१९ ला सुरू झाली ती पाच वर्षं चालली, आणि घराघरातल्या बायकांना तिने स्वतःबद्दल बोलायला लावलं हे खरं आहे. पण एक गोष्ट बघ. अरुंधती घरातून बाहेर पडते कधी? नवऱ्याचं दुसरीकडे आहे हे कळल्यावर. 'इंग्लिश विंग्लिश' मधली शशी गोडबोले, आपली पुण्याची लाडूवाली, ती क्लासला जाते कधी? नवरा आणि पोरगी तिच्या इंग्लिशवर हसून हसून तिचा पार पाणउतारा झाल्यावर. आपल्याकडे पडद्यावरच्या आईला उंबरा ओलांडायची परवानगी आहे, पण आधी तिच्यावर अन्याय व्हावा लागतो, तिने भरपूर सोसलेलं असावं लागतं. मग प्रेक्षक म्हणतात, जा बाई, तुझा हक्क आहे. कोणी काही वाईट केलेलं नाही, नवरा मारत नाही, सासू छळत नाही, आणि तरी एका आईला काम करायचंय म्हणून ती निघालीय, असं म्हटलं की सगळे गप्प. तुझं घर गप्प झालंय ते यामुळे. तू अरुंधती नाहीयेस, तू सुलभा महाजन आहेस.

'उंबरठा' बघितलास का? जब्बार पटेलांचा, १९८२ चा, स्मिता पाटील. नसेल तर बघ, पण आत्ता नको, जॉइन झाल्यावर बघ. सुलभाचं घर चांगलं खातंपितं, नवरा वकील, एक लहान मुलगी. तिला संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षकाची नोकरी मिळते आणि ती जाते. कोणी हाकललेलं नाही तिला. मुलगी जावेजवळ राहते. परत येते तेव्हा मुलगी जावेची झालेली असते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी कोणी आलेली असते, आणि सुलभा पुन्हा निघते. मी तो सिनेमा कॉलेजात असताना थिएटरमध्ये बघितला, माझ्या मागच्या रांगेतल्या बायका पिक्चर सुटल्यावर "मुलीला टाकून गेली" एवढंच म्हणत होत्या. चाळीसहून जास्त वर्षं झाली. तुझ्या पत्रातलं "घर गप्प झालंय" वाचलं आणि मला ती रांग आठवली. म्हणून म्हणते, काळ बदलला वगैरे म्हणून मी तुझी समजूत घालणार नाही. थोडा बदललाय. पगार घरात आला की आवडतो, पण त्या पगारासाठी बाई गाडीत बसून दुसऱ्या गावाला गेली की जुनंच सगळं वर येतं.

आणि हे "आई म्हणजे घरी असते" हे तरी कोणाच्या घरचं? मुंबईच्या गिरण्यांत आया काम करत होत्याच की. त्यांच्या बाळंतपणासाठी मुंबई इलाख्यात १९२९ साली कायदा झाला, त्याच्या आदल्या वर्षी कायदेमंडळात डॉ. आंबेडकर त्या बिलाच्या बाजूने बोलले होते, बाईला त्या दिवसांत विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे म्हणून. शंभर वर्षं होत आली त्याला. डोक्यावर पाटी घेऊन पहाटे निघणारी कोळीण, बीडहून कोयता घेऊन कारखान्यावर जाणारी, पोराला उसाच्या फडाच्या कडेला झोळीत ठेवणारी बाई, आणि तुझ्याकडे जी कोणी भांडी घासायला येत असेल ती, तिचं पोर त्या वेळी कोणाकडे असतं हे तुझ्या सासूबाईंनी तिला कधी विचारलंय का? त्या आयांना कोणी "पोरीला आईच लागते" म्हणत नाही. घरी बसणारी आई हा थोड्या घरांचा रिवाज होता, तो सगळ्या समाजाची रीत म्हणून आपल्याला शिकवला गेला. मला याचा राग येतो, लपवत नाही.

आता नवीन गंमत अशी झालीय, गंमत नाही म्हणणार, छळ आहे तो, की जुनी यादी कोणी काढून घेतली नाही आणि वर नवीन यादी आली. कमवायचं पण, डब्यात रोज वेगळं पण, मुलावर ओरडायचं नाही, स्क्रीन द्यायचा नाही, शाळेच्या ग्रुपवर रात्री दहाला मेसेज येणार उद्या थर्मोकोलचा इग्लू आणा, आणि त्या ग्रुपमध्ये बहुतेक सगळ्या आयाच असणार. सरकारचाच २०२४ चा टाइम यूज सर्व्हे आहे, घरातलं बिनपगारी काम जे करतात त्यांच्यात बायकांचा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८. ते ८८ सुद्धा जे पुरुष काही करतात त्यांचं. कायदा पण बघ ना, २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली, चांगलंच केलं, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर पाहिजे म्हटलं, आणि त्या पाळणाघरात दिवसातून चार वेळा जायची मुभा कोणाला? बाईला. वडील जाऊ शकतात हे कायदा लिहिणाऱ्यांच्या पण डोक्यात आलं नाही.

म्हणून मी तुझ्या नवऱ्याच्या "तू ठरव" वर येते. ऐकायला ते समंजस वाटतं, आणि तो चांगला माणूस असेल, मला शंका नाही. पण "तू ठरव" म्हणजे बरं झालं तर आपलं, बिघडलं तर तुझं. त्याला म्हण, मी ठरवलंय, मला जायचंय, आता तू ठरव की मुलीचं सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सात ते दहा तू कसं बघणार. डबा, वेणी, युनिफॉर्म, शाळेचा ग्रुप, डॉक्टरचं व्हॅक्सिनेशन कार्ड, सगळं. त्या ग्रुपमधून तू बाहेर पड आणि त्याचा नंबर टाक, तू जायच्या दोन महिने आधीच, म्हणजे तू घरी असतानाच त्याच्या चुका होऊन जातील. वेणी वाकडी पडेल, पडू दे. मध्ये पडू नकोस, हे सगळ्यात कठीण जाईल तुला.

आणि त्याला किंवा सासूबाईंना हे काही तरी बाहेरचं फॅड वाटलं तर जनाबाईचा अभंग आठवून दे, विठू माझा लेकुरवाळा. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, कोणी कडेवर, कोणी मांडीवर, कोणी करंगळी धरून. कमरेवर हात ठेवून उभा असलेला देव, आणि जनाबाईला तो पोरं सांभाळताना दिसला. ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो, बावीसेक वर्षांचा मुलगा तो, त्याला अख्खा महाराष्ट्र आई म्हणतो. आपल्या भाषेत आईपण बाईच्या देहाला कधी बांधलेलं नव्हतंच. आणि तो सुगरणीचा खोपा, जो आपण आईच्या मायेचं उदाहरण म्हणून पाठ केलाय, पक्षी बघणाऱ्यांना विचार, तो खोपा नर विणतो. काडी काडी आणून, चोचीने. मादी येऊन बघते, पसंत पडला तर राहते.

सासूबाईंशी मात्र वेगळं बोलावं लागेल, आणि ते तूच बोल, नवऱ्याकडून निरोप नको. त्यांचं "पोरीला आईच लागते" यात अर्धी भीती त्यांच्या गुडघ्यांची असू शकते. त्या वयात साडेपाच वर्षांच्या पोरीमागे धावायचं म्हणजे काय ते मला आता कळतंय. त्यांना गृहीत धरलंय असं त्यांना वाटू देऊ नकोस, आणि खरंच धरू नकोस. वाढलेल्या पगारातून दुपारी चार तासांची मुलगी ठेव, सासूबाईंच्या महिन्यातल्या दोन सुट्ट्या ठरव, त्यांना भजनाला जायचं असेल तर जाऊ दे, त्या दिवशी नवरा लवकर येईल. आणि त्यांना यशोदेचं नाव घेऊन सांग, देवकी कमी आई होती म्हणून काही यशोदा मोठी झाली नाही, कृष्णाला दोघी होत्या.

तुझी आई रडली, त्याचं काही करू नकोस. रडू दे. एखाद्या दिवशी मात्र तिला विचार की तुला काय करायचं होतं गं. फोनवर नको, समोर बसून. मी माझ्या आईला फार उशिरा विचारलं.

आता मुलगी. तिच्याशी खोटं बोलायचं नाही, हा एकच नियम मी कडक सांगेन. झोपेत सोडून जायचं नाही, "आई ऑफिसला जाऊन येते" म्हणून तीन आठवडे गायब व्हायचं नाही. नकाशा आण, कल्याण दाखव, नांदेड दाखव, मधे मनमाड, परभणी, बोट फिरवू दे तिला. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, त्याच्या आदल्या शुक्रवारची देवगिरी पकड, रात्रीची गाडी आहे, शनिवारी सकाळी कल्याणला उतरशील. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, दर पंधरा दिवसांनी तिकीट काढायचं काम नवऱ्याला दे. कॅलेंडरवर ते शनिवार मुलीच्या हाताने रंगवून घे. रोज रात्री एकाच वेळी फोन, दहा मिनिटं, त्यात "जेवलीस का, अभ्यास केलास का" नको, तू तिला तुझा दिवस सांग, कोण आलं होतं ब्रांचमध्ये, कोणती आजी पासबुक भरायला आली. आईचं काम म्हणजे काय हे मुलींना माहीतच नसतं, त्यांना फक्त आई नाहीये एवढं माहीत असतं. आणि दर वेळी खेळणं आणू नकोस. तू काही गुन्हा करून येत नाहीयेस.

दुखेल ना? दुखेल. मी खोटं का सांगू. ती पडेल आणि आधी "बाबा" म्हणून ओरडेल, तू समोर असताना. एखाद्या शनिवारी तू दारात असशील आणि ती टीव्हीवरून नजर काढणार नाही. तेव्हा तुला टीचरची ती ओळ आठवेल, सासूबाईंचं वाक्य आठवेल, आणि वाटेल की बरोबर म्हणत होते सगळे. त्या दिवशी राजीनामा लिहायचा नाही, बॅग उघडायची, चहा करायचा आणि तिच्या शेजारी बसून ती बघतेय तेच कार्टून बघायचं. मुलीचा राग म्हणजे तुझा निकाल नाही, तिला तू हवी आहेस एवढंच आहे ते. सहा महिन्यांनी तिघांनी नीट बसून बघा कसं चाललंय. तिचं खाणं-झोप खरंच बिघडलं, शाळेत गप्प गप्प राहायला लागली, तर चांगल्या समुपदेशकाकडे दोघं मिळून घेऊन जा, आणि बँकेत रिक्वेस्ट ट्रान्सफरचे नियम काय आहेत ते जायच्या आधीच एचआरकडून लेखी घेऊन ठेव. परतीची वाट माहीत असली की माणूस मोकळेपणाने जातो.

एक प्रश्न तुला पण विचारते, उत्तर मला नको देऊस. बारा वर्षं वाट बघितलीस म्हणतेस, ती ब्रांच अजून हवीय ना? की एवढी वाट बघितली म्हणून आता घ्यायलाच हवी असं झालंय? हवी असेल तर जा. नको असेल तर राहा, आणि राहिलीस तर "मुलीसाठी सोडलं" असं तिच्या नावावर लिहू नकोस, ते ओझं ती आयुष्यभर वागवेल. माझ्या आईने आमच्या नावावर कधी लिहिलं नाही हे तिचे उपकार आहेत, पण ते तिच्या बोटांत राहिलं.

इंटरव्ह्यूत एखादे साहेब विचारतील, बायकांना विचारतातच, मुलगी लहान आहे ना, कसं मॅनेज करणार मॅडम? तू लांबलचक काही सांगत बसू नकोस, सासूबाई आहेत, बाई ठेवणार आहे, वगैरे काही नाही. "तिचे वडील कल्याणलाच आहेत सर" एवढं म्हण आणि थांब.

आणि आज रात्री मुलीला जवळ घेऊन विचार, टीचरने दिलेलं राहू दे, तुला आईबद्दल काय सांगायचंय? ती जे म्हणेल, वाकडंतिकडं, हसवणारं, रागाचं, ते तिच्याच शब्दांत लिहून घे. जमलं तर मला पण पाठव, मला वाचायचंय.